स्थानिक मदतनीस : 6

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक पत्रक आले आणि ते वाचल्यापासून माझे कशातच लक्ष लागलेले नाही. दरवर्षीप्रमाणे यंदाही ठाण्यातल्या आपल्या पाचपाखाडीतल्या काही सोसायट्यांमधील तरुण मुले-मुली डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस पालघर जिल्ह्यातल्या डोंगराळ जव्हारला सेवाकार्यासाठी जाणार आहेत. पत्रकाच्या शेवटी दोन तक्ते आहेत. पहिल्याचे शीर्षक ‘स्वयंसेवक’, संख्या 40. त्यांना टी-शर्ट, टोपी, अपघात विमा, दोन्ही वेळचे जेवण आणि प्रमाणपत्र मिळणार आहे. दुसऱ्याचे शीर्षक ‘स्थानिक मदतनीस’, संख्या 6. त्यांच्यापुढे ‘चहा-नाश्ता’ एवढेच लिहिले आहे.

हे सहा जण कोण असतात ते मला ठाऊक आहे. अठरा ते बावीस वयाची, जव्हार आणि आसपासच्या पाड्यांवरची ही मुले आहेत. आपली बस पोहोचण्याच्या आदल्या दिवशी तीच गोणी गोळा करतात, फावडी-घमेली कुणाकुणाकडून मागून आणतात, शाळेची खोली झाडून ठेवतात आणि आपण निघून गेल्यावर उरलेले कामही तीच पुरे करतात. चाळीसांपैकी कुणाच्या पायात काटा गेला तरी विम्याची सोय आहे, आणि ओढ्यातले धोंडे उचलणाऱ्या सहांना ती नाही. हा फरक पत्रक लिहिणाऱ्याच्या, तपासणाऱ्याच्या आणि गटावर पुढे पाठवणाऱ्याच्या डोळ्यांना खुपला नाही, याचे मला फार वाईट वाटले आणि रागही आला.

चार वर्षांपूर्वी मी पालक म्हणून या गटाबरोबर गेले होते. वनराई बंधारा बांधायचा होता. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते : सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांमध्ये वाळू किंवा माती भरायची, तोंडे सुतळीने शिवायची आणि विटांसारखे सांधे चुकवत ओढ्यात आडव्या रचायच्या. पाणी अडते, आजूबाजूच्या जमिनीत मुरते, गुरांना आणि कपडे धुवायला काही महिने पुरते. आमच्यासोबत तिथल्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकणारा एक मुलगा होता. हातात दाभण आणि खांद्यावर सुतळीचे बंडल घेऊन तो आमच्या मुलांना टाके शिकवत होता. टाका घट्ट बसावा म्हणून तो सुतळी तर्जनीला दोन वेढे देऊन ओढत असे, आणि त्या बोटावर सुतळीचा लाल वळ उमटलेला मला अजूनही दिसतो. जागा पाहून तो हळूच म्हणाला, “मॅडम, इथे खाली वाळू आहे, पाणी खालून निघून जाईल. वर साठ-सत्तर पावलांवर कातळ लागतो, पात्रही अरुंद आहे, तिथे बांधू या.” संयोजकांनी सांगितले की वर गाडी जात नाही, सामान कोण नेणार, आणि छायाचित्रांसाठी हीच जागा मोकळी आहे. बंधारा तिथेच झाला. सगळ्यांनी फलक धरून फोटो काढला. फलकाची एक दोरी त्या मुलाच्या हातात होती. तो चौकटीच्या बाहेर राहिला.

आठ दिवसांत पाणी खालून निघून गेले. पुढच्या रविवारी त्याने आणि त्याच्या पाच मित्रांनी सगळ्या गोण्या उपसल्या, एकेक पाठीवर घेऊन वर नेल्या, कातळावर पुन्हा रचल्या आणि पाण्याच्या बाजूने चिकणमातीचा लेप दिला. ते पाणी होळीपर्यंत टिकले. होळीला वीटभट्ट्यांवरून घरी परतलेल्या माणसांनी ते पाहिले. आपल्या गटाच्या वार्षिक अहवालात मात्र त्या कामाची नोंद ‘40 स्वयंसेवकांनी बांधलेला बंधारा’ अशी आहे.

मी 1996 ते 1999 अशी तीन वर्षे जव्हारला एका बँकेत नोकरीला होते. तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यातच होते. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि आपण ठाणेकरांनी जणू त्या डोंगरांशी नातेच संपवले, ते सहलीपुरते आणि सेवेपुरते उरले. मुकणे घराण्याच्या संस्थानाची ही राजधानी, सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरचे गाव. जय विलास राजवाडा, शिरपामाळ, दाभोसा धबधबा हे सारे आपण पाहून येतो. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन उतार उतरतात. शेजारच्या मोखाडा तालुक्यात 2014 साली मध्य वैतरणा धरण उभे राहिले, त्याचे पाणी मुंबईला जाते. हे सर्व तुम्हाला माहीत आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

लिहायचे आहे ते तिथल्या तरुणांबद्दल. एकत्र येऊन काम करणे म्हणजे काय, हे त्यांना शिकवायला ठाण्याहून कुणी जायची गरज नाही. लावणीला एकमेकांच्या शेतात राबणे त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. याच रीतीला देशावर इर्जिक म्हणतात, कोकणात सावड म्हणतात. उन्हाळ्यात बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचायचा गावचा उत्सव, असतो तेव्हा मुखवटे रंगवण्यापासून संबळ-पिपाणीवाल्यांच्या जेवणापर्यंत सगळे गाव स्वतः उभे करते आणि रात्र-रात्र सोंगे नाचतात. मी त्या तीन वर्षांत एकदा पहाटेपर्यंत बसून बोहाडा पाहिला होता. विशीतल्या मुलांनी शेकडो माणसांची ती गर्दी ज्या शांतपणे सांभाळली, तशी मी आपल्याकडच्या एकाही मांडवात पाहिलेली नाही. वाळलेला दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांतून तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य तयार होते. जव्हार तालुक्यातल्याच वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अशा गावच्या मुलांना आपण ‘मदतनीस’ म्हणतो.

त्यांना हवे आहे ते वेगळेच. वर्षातून काही कार्यक्रम असे व्हावेत ज्यांचे नियोजन त्यांच्या हातात असेल, खर्चाचा हिशेब त्यांच्या वहीत असेल आणि काम झाल्यावर त्यांच्या नावाचा कागद त्यांना मिळेल. राष्ट्रीय सेवा योजना आहे, ती 24 सप्टेंबर 1969 पासून आहे, आणि डोंगरातल्या तालुक्यांच्या महाविद्यालयांतही तिची शिबिरे होतात, हे मला मान्य आहे. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचे निवासी शिबिर, ही रचना चांगलीच आहे. परंतु ती महाविद्यालयात पोहोचलेल्यांसाठी आहे. दहावीनंतर ज्याची शाळा सुटली त्या मुलाला किंवा लग्न होऊन दुसऱ्या पाड्यावर गेलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला तिथे जागा नाही. त्यातून जी मुले यायला तयार असतात त्यांना संध्याकाळची शेवटची एसटी गाठायची असते, कारण ती चुकली तर मुक्कामाची सोय कुणीही केलेली नसते.

आणि तारखा! सेवाकार्य डिसेंबरात ठेवायचे, कारण आपल्या मुलांना नाताळची सुट्टी असते. भात आणि नागली घरात आली की दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वसई, भिवंडी, ठाणे या बाजूला कामाला उतरतात हे तिथे एकदा राहिलेल्या कुणालाही ठाऊक असते. ज्या तरुणांसाठी म्हणून आपण वर जातो ते त्या आठवड्यात आपल्याच घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या इमारतीच्या पायात खडी टाकत असतात. बंधाऱ्याचे कामही खरे तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचे, ओढ्याला धार असतानाचे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा ती धार करंगळीएवढी उरली होती. तरीही यंदा पुन्हा तोच आठवडा धरला आहे.

आपली मुले तिथे जाऊन काहीच शिकत नाहीत असे मी म्हणत नाही. माझा स्वतःचा मुलगा तिथून आल्यापासून नळ उघडा ठेवून दात घासत नाही, आणि वाटलेल्या वह्याही वापरल्या जातातच. पण त्यासाठी दुसऱ्याला खालच्या तक्त्यात टाकण्याची काय आवश्यकता आहे?

19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा आपण सगळे हळहळलो होतो. नवी मुंबईपासून ती वाडी किती लांब आहे? वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रे चढत नव्हती, भर पावसात माणसांनी पायी चढून हातांनी माती उपसली. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी त्या चढणीवर हृदयविकाराने गेले. डोंगरात संकट आले की पहिले काही तास तिथल्याच माणसांचे असतात, बाहेरची मदत नंतर पोहोचते. मग त्या पहिल्या तासांसाठी तिथल्या तरुणांना आपण काय दिले? दोर, प्रथमोपचाराची पेटी, साप चावल्यावर काय करायचे आणि काय करायचे नाही याची तालीम? आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी सरकारची आपदा मित्र योजना आहे. तिच्यात बारा दिवसांचे प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा यांची तरतूद आहे, म्हणजे स्वयंसेवकाला विमा देणे अशक्य नाही हे सरकारलाही कळते. आपल्याला कळत नाही. आपण 40 टी-शर्टांवर खर्च करतो. तेवढ्या पैशांत सहा जणांचा विमा आणि एक चांगली प्रथमोपचार पेटी येईल, हे मी दुकानात न जाताही सांगते.

पुन्हा त्या मुलाकडे येते, कारण आजचा माझा सगळा राग तिथूनच आलेला आहे. बंधाऱ्यानंतर वर्षभराने त्याचा फोन आला होता. नाशिकला एका नोकरीसाठी अर्ज करायचा होता आणि अर्जात ‘सामाजिक कार्याचा अनुभव’ असा रकाना होता. “मावशी, त्या बंधाऱ्याचे पत्र मिळेल का?” एवढेच त्याने विचारले. मॅडमची मावशी कधी झाले ते मलाही कळले नव्हते. मी संयोजकांना फोन केला. प्रमाणपत्र नोंदणीकृत स्वयंसेवकांनाच देता येते, स्थानिक मदतनिसांची नोंदणी नसते, नियम आहे, असे मला सांगण्यात आले. मी वाद घातला, दोन वेळा पत्र लिहिले, उत्तर आले नाही. मग मीच माझ्या सहीने एका कागदावर दोन परिच्छेद लिहून पाठवले. त्या कागदाला कोणत्याही कार्यालयात किंमत नव्हती. त्याने तो रकाना कोरा ठेवून अर्ज केला.

त्याच बंधाऱ्याचे प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. चुकीच्या जागी बांधलेल्या, आठ दिवसांत कोरड्या पडलेल्या बंधाऱ्याचे. मी त्या दिवशी जेमतेम पंधरा गोण्या शिवल्या असतील, तरी त्यावर सोनेरी किनार आहे आणि माझे नाव टंकलेखनात शुद्ध छापलेले आहे. आज ते कपाटातून काढून टेबलावर ठेवले आहे आणि त्याच्याकडे बघवत नाही. तेव्हाच मी ते परत करायला हवे होते. केले नाही, ही माझी चूक आहे आणि ती मी इथे सर्वांसमोर मान्य करते.

दुपारी थोडी शांत झाल्यावर मी दोन गोष्टी केल्या. संयोजकांना लिहिले की एकच तक्ता करा, त्यात 46 नावे लिहा, विमा सर्वांचा उतरवा, प्रमाणपत्र सर्वांना द्या, आणि तारीख जव्हारच्या मुलांना विचारून ठरवा. हे होणार नसेल तर आमच्या घरातून यंदा वर्गणीही येणार नाही आणि माझा मुलगाही येणार नाही. मुलाला विचारूनच हे लिहिले आहे. या व्हॉट्सॲप गटातल्या ज्यांची मुले जाणार आहेत त्यांनीही असेच लिहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपण सर्व एकाच विचाराची माणसे आहोत, म्हणून हे हक्काने सांगते.

दुसरे म्हणजे त्या मुलाला फोन लावला. नाशिकची नोकरी मिळाली नव्हती. तो आता भिवंडीला एका गोदामात असतो, पावसाळ्यात आवणीसाठी, म्हणजे भातलावणीसाठी, घरी येतो, सध्या घरीच आहे. मी पत्रकाबद्दल सांगितले तेव्हा तो चिडला नाही, काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला की वरच्या जागेचा बंधारा ते सहा जण दरवर्षी पुन्हा बांधतात, गोण्या जुन्या झाल्या आहेत, यंदा शंभर तरी नव्या लागतील. मी विचारले, कधी येऊ? “दसरा झाला की लगेच या मावशी, भातकापणी जोरात सुरू व्हायच्या आत. सुतळी जाड आणा, मागच्या खेपेची तुटत होती. दाभण आहे आमच्याकडे.”