त्या चोराचे हात मोकळे नव्हते

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला 23 वा अध्याय मी आजवर किती वेळा वाचला असेल देव जाणे, पण दरवेळी मी येशूच्या शेजारच्या वधस्तंभापाशी येऊन अडकते. दोन अपराधी होते, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि मत्तय आणि मार्क तर आपापल्या शुभवर्तमानांत लिहितात की दोघंही येशूची निंदा करत होते. म्हणजे ज्याला आपण "पश्चात्तापी चोर" म्हणतो तो सुरुवातीला गर्दीच्याच सुरात बोलत असणार. मग त्या काही तासांत त्याच्या आत काय हललं ते कुणीच लिहून ठेवलेलं नाहीये, फक्त एवढंच कळतं की तो दुसऱ्याला म्हणाला आपण आपल्या केल्याचं भोगतोय, याने तर काहीच वाईट केलं नाही, आणि मग म्हणाला, येशू, तू तुझ्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर.

आता बघा, या माणसाकडे होतं काय? हात अडकलेले, त्यामुळे एकही चांगलं काम करायची सोय नाही. पाय अडकलेले, म्हणजे ज्याचं लुबाडलं त्याच्या दारात जाऊन माफी मागणं पण शक्य नाही. बाप्तिस्मा नाही, दशांश नाही, एक उपास नाही. फक्त जीभ मोकळी होती. आणि त्याला उत्तर मिळालं ते "बघू" नाही, "आज". आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.

तारण, म्हणजे पापातून देवाने केलेली सुटका, म्हणजे काय हे मला या एका शब्दात जितकं कळलं तितकं कुठल्या प्रवचनात नाही कळलं.

आपण क्रूस गळ्यात घालतो, भिंतीवर लावतो, आणि तो मुळात काय होता ते पार विसरतो. रोमन लोकांची ती सगळ्यात लाजिरवाणी शिक्षा होती, गुलामांसाठी, बंडखोरांसाठी. इ.स.पूर्व 71 मध्ये स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडलं तेव्हा कापुआ ते रोम या रस्त्यावर सुमारे 6000 माणसं अशी टांगली होती, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं आणि घाबरावं म्हणून. मरण तर होतंच पण त्याआधी माणसाची इज्जत काढून घ्यायची हा हेतू. यहुद्यांच्या नियमशास्त्रात तर झाडावर टांगलेला माणूस शापित असं लिहिलेलं (अनुवाद 21), आणि प्रेषित पौल तेच वाक्य उचलून गलतीकरांना पत्रात लिहितो की ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला. पहिली काही शतकं ख्रिस्ती लोक मासा, जहाजाचा नांगर, मेंढपाळ अशी चित्रं काढायचे, वधस्तंभावरचा येशू चित्रात फार क्वचित दिसतो. मला ते समजू शकतं. ज्यांच्या डोळ्यासमोर माणसं तशी मरत होती त्यांना ते चित्र सुंदर कसं वाटणार.

म्हणून मला जेव्हा कुणी सांगतं की देव रागावला होता आणि त्याने तो राग आपल्या मुलावर काढला, तेव्हा मला आतून त्रास होतो. मला माहितीये की पापाचा दंड, खंडणी, ऋण, हे शब्द बायबलमधून आणि जुन्या शिकवणीतून आलेत, अन्सेल्म या धर्मपंडिताने 1098 च्या सुमारास देवाच्या सन्मानाची भरपाई अशी मांडणी केली आणि पुढे त्यावर शेकडो वर्षं वाद झाले, आणि त्यात खरंही खूप आहे, पाप फुकटात पुसलं जात नाही, कुणीतरी ते सोसतंच. पण पौल करिंथकरांना काय लिहितो? देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे देव लांब कुठे उभा राहून वसुली करत नव्हता, तो स्वतः त्या लाकडावर होता, शापित माणसाच्या जागी, चोराच्या शेजारी.

यावर लगेच प्रश्न येतो की मग कसंही जगा आणि शेवटच्या मिनिटाला सॉरी म्हणा, झालं? नाही हो. लूकच 19 व्या अध्यायात जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट सांगतो. त्याचे हात मोकळे होते, तर त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं. पण क्रम बघा ना, येशू आधी म्हणाला मी तुझ्या घरी उतरणार, जक्कयचं वचन त्यानंतर आलं. मोकळे हात कामाला लागतातच, पण तारण हातांची मजुरी नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण माझे काका. आयुष्यभर दारू, बायकोमुलांचे हाल, मी काही झाकून ठेवत नाहीये, माझ्या काकूने जे भोगलं ते मी पाहिलंय आणि त्याचा राग अजून आहे मला. शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा भेटायला आलेल्या एका माणसाने त्यांना तोंडावर सांगितलं की आता उशीर झाला. त्या रात्री काका काही बोलले नाहीत, नुसते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी बायबल काढलं आणि तोच अध्याय वाचला, काकू दारात उभी होती.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या चोराचं नाव काय गं?"

मी म्हटलं, काका, शुभवर्तमानात नाव दिलेलंच नाही.

थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "परत वाच. आणि त्या जागी माझं नाव घे."

काकू आत येऊन पलंगाच्या कडेला बसली. मी परत पहिल्यापासून वाचायला लागले.