गांजाचे वैद्यकीय कार्ड ‘काढून ठेवण्याचा’ सल्ला आणि त्याचे उत्तर

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. न्यू जर्सी, इलिनॉय, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो अशा राज्यांत गांजाची खुली विक्री कायदेशीर झाली असली, तरी शहाण्या माणसाने डॉक्टरांकडून वैद्यकीय कार्ड, म्हणजे आजारासाठी गांजा विकत घेण्याचे राज्याचे ओळखपत्र, काढूनच ठेवावे, असा त्याचा आशय आहे. कार्ड असले की कर लागत नाही, केंद्र सरकारचे संरक्षण मिळते आणि त्यामुळे व्हिसाला किंवा ग्रीन कार्डला धोका राहत नाही, नोकरी जात नाही, विमा कंपनी पैसे देते, घरी रोपे लावता येतात, बंदूक विकत घेता येते, आणि ‘औषध’ म्हणून विमानातून अगदी भारतातसुद्धा नेता येते, अशी ती यादी आहे. मधुमेहापासून कॅन्सरपर्यंत सर्व काही बरे होते, हे शेवटी जोडलेले आहेच.

असल्या संदेशांकडे मी एरवी दुर्लक्ष करते. पण माझी आतेबहीण न्यू जर्सीत राहते, ग्रीन कार्डावर आहे आणि लवकरच नागरिकत्वाचा अर्ज भरणार आहे. तिने हा संदेश घरच्या गटावर टाकून खाली लिहिले, “आईच्या गुडघ्यांसाठी आणि माझ्या झोपेसाठी काढून ठेवावे म्हणते.” त्यावर सहा-सात अंगठे उमटले. ज्या व्यक्तीने हे कार्ड सर्वांत आधी टाळायला हवे, तिलाच ते सुरक्षिततेचे कवच म्हणून विकले जात आहे. म्हणून संदेशातला क्रम बाजूला ठेवून मी व्हिसा आणि ग्रीन कार्डाच्या मुद्द्यापासून सुरुवात करते.

अमेरिकेत इमिग्रेशन हा राज्यांचा विषय नाही, तो पूर्णपणे केंद्राचा आहे. गांजा १९७० च्या केंद्रीय कायद्यानुसार नियंत्रित पदार्थ आहे, आणि एखाद्या राज्याने दुकाने उघडू दिली म्हणून तो कायदा त्या राज्यापुरता रद्द होत नाही. याबाबत कोणाला शंका असेल, तर नागरिकत्व आणि इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या केंद्रीय खात्याने, म्हणजे यूएससीआयएसने, १९ एप्रिल २०१९ रोजी आपल्या धोरण-पुस्तिकेत केलेली दुरुस्ती वाचावी. राज्याच्या कायद्याने गांजाला परवानगी असली, तरी केंद्रीय कायद्याचा भंग करणारी गांजाविषयीची कोणतीही कृती नागरिकत्वासाठी आवश्यक असलेल्या ‘सच्चारित्र्या’च्या आड येऊ शकते, असे त्या दुरुस्तीत स्पष्ट म्हटले आहे. त्यासाठी अटक, खटला किंवा शिक्षा झालेली असण्याची गरज नाही. अर्जदाराने स्वतः दिलेली कबुलीही पुरते. वैद्यकीय वापर आणि करमणुकीसाठीचा वापर असा भेद करून कार्डधारकाला सूट दिलेली नाही. एवढा एक दस्तऐवज वाचला असता, तर संदेश लिहिणाऱ्याला हा मुद्दा लिहिण्याचे धाडस झाले नसते.

कार्डाने धोका कमी होत नाही, उलट वाढतो, तो कसा हे पाहा. डॉक्टरांचे प्रमाणपत्र, राज्याच्या नोंदवहीतले नाव, खरेदीचा हिशेब आणि फोनमधले डिजिटल कार्ड हा सगळा आपण स्वतः तयार केलेला पुरावा आहे. कायद्याच्या भाषेत कबुली म्हणून काय धरायचे याचे नियम आहेत, आणि नुसते कार्ड सापडणे म्हणजे कबुली नव्हे, हे मान्य. पण कार्ड दिसले की प्रश्न विचारला जातो, आणि प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिले की कबुली तयार होते. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात, ज्यासाठी अटक झाली नाही असा एखादा गुन्हा तुम्ही कधी केला आहे का, असा प्रश्न आहेच. तिथे खोटे बोलणे हा तर आणखी वेगळा अपराध. ग्रीन कार्डधारक भारतातून सुट्टी संपवून परततो, तेव्हा विमानतळावरच्या अधिकाऱ्याला त्याचा फोन तपासण्याचा अधिकार असतो. आणि अमली पदार्थविषयक गुन्ह्याची कबुली देणारा ग्रीन कार्डधारक नव्याने प्रवेश मागणारा परका ठरवला जाऊ शकतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना तर प्रत्येक व्हिसा शिक्क्याच्या वेळी आणि ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत या प्रश्नाला तोंड द्यावे लागू शकते.

“तीस ग्रॅमपर्यंत चालते” हे वाक्य या चर्चेत हमखास येते. केंद्रीय इमिग्रेशन कायद्यात ३० ग्रॅमपर्यंतच्या गांजाला अपवाद आहे हे खरे. परंतु तो स्वतःच्या वापरासाठी गांजा जवळ बाळगल्याच्या एकाच गुन्ह्यापुरता आहे. कार्ड हे दर महिन्याला खरेदी करण्यासाठी काढले जाते. त्या नोंदी समोर ठेवून ‘एकदाच झाले हो’ असे कोण कोणाला सांगणार? दुसरा युक्तिवाद असा, की गांजाला नियंत्रित पदार्थांच्या पहिल्या, सर्वांत कडक अनुसूचीतून तिसऱ्या, त्याहून सौम्य अनुसूचीत हलवण्याचा केंद्राचा प्रस्ताव मे २०२४ मध्येच आला, तेव्हा ही सगळी भीती कालबाह्य आहे. तसे नाही. इमिग्रेशनचा कायदा ‘नियंत्रित पदार्थ’ म्हणतो, आणि त्यात पाचही अनुसूची येतात.

आता अर्धसत्य. ‘केंद्राचे संरक्षण’ हे शब्द अगदीच हवेतून आलेले नाहीत. डिसेंबर २०१४ पासून अमेरिकी काँग्रेस खर्चाच्या विधेयकात एक कलम घालत आली आहे, ज्यानुसार राज्यांच्या वैद्यकीय गांजा कायद्यांच्या अंमलबजावणीत अडथळा आणण्यासाठी न्याय खात्याला पैसा वापरता येत नाही. हे कलम फक्त वैद्यकीय गांजाला लागू आहे, खुल्या विक्रीला नाही. त्या अर्थी कार्डधारकाची बाजू किंचित वरचढ आहे, हे मला नाइलाजाने कबूल करावे लागते. पण हे बंधन फौजदारी खटल्यांवर होणाऱ्या खर्चापुरते आहे. त्याने गांजा कायदेशीर होत नाही, आणि इमिग्रेशन खाते न्याय खात्यात मोडतही नाही. स्थलांतरितांना कायद्याची मदत पुरवणाऱ्या इमिग्रंट लीगल रिसोर्स सेंटर या कॅलिफोर्नियातल्या संस्थेचा सल्ला तर संदेशाच्या थेट उलट आहे: नागरिक होईपर्यंत गांजा वापरू नका, जवळ बाळगू नका, वैद्यकीय कार्ड घेऊन घराबाहेर पडू नका, आणि खरीच वैद्यकीय गरज असेल तर आधी वकिलाला भेटा.

याहून हास्यास्पद, पण तितकाच घातक मुद्दा म्हणजे भारतात नेण्याचा. अमेरिकेतल्या एका राज्याच्या कार्डाला शेजारच्या राज्यातच किंमत मिळेल याची खात्री नाही, आणि ते मुंबईच्या विमानतळावर दाखवून सुटका होईल, असे लिहिणाऱ्याला काय म्हणावे? भारतात १९८५ चा अमली पदार्थ कायदा लागू आहे. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकारी वारंवार गांजा जप्त करतात, त्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. भारतात भांग मिळते, मग गमीने, म्हणजे गांजा घातलेल्या चघळायच्या गोळीने, काय बिघडते, असे विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की या कायद्यातली गांजाची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्यावर बेतलेली आहे. फुलोऱ्याविना नुसती पाने त्यात येत नाहीत, म्हणून राज्यांना भांगेचे परवाने देता येतात. दुकानातल्या गमीत असतो तो काढलेला अर्क. शिवाय हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये असा निकाल दिला, की अमली पदार्थाचे प्रमाण ठरवताना त्यात मिसळलेल्या निरुपद्रवी पदार्थाचे वजनही धरायचे. याचा अर्थ, गमीतल्या साखरेचे आणि जिलेटिनचे वजनसुद्धा आपल्याविरुद्ध मोजले जाऊ शकते. कोणाच्या तरी काकूने डब्यात लाडवांच्या शेजारी गमीची बाटली ठेवावी आणि वर ‘कार्ड आहे ना’ म्हणावे, या कल्पनेनेच माझा थरकाप होतो.

कराचा मुद्दा खरा आहे, पण लहान आहे. न्यू जर्सीत १ जुलै २०२२ पासून वैद्यकीय गांजावर विक्रीकर नाही, आणि खुल्या खरेदीवर ६.६२५ टक्के आहे. महिन्याला १०० डॉलरची खरेदी धरली, तर वर्षाला सुमारे ८० डॉलर वाचतात, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची फी त्यातूनच जायची असते. इलिनॉयमध्ये मात्र फरक मोठा आहे, कारण तिथे खुल्या विक्रीवर मालाच्या तीव्रतेनुसार १० ते २५ टक्के जादा कर पडतो. कॅलिफोर्नियात नुसते डॉक्टरांचे पत्र पुरत नाही. विक्रीकरातून सूट हवी असेल तर काउंटीच्या आरोग्य विभागाकडून मिळणारे राज्याचे ओळखपत्रच लागते, आणि तेवढे करूनही उत्पादन शुल्क भरावेच लागते. म्हणजे ‘कर लागत नाही’ हे वाक्य राज्य बदलले की बदलते.

नोकरीबाबत संदेशाने एक सरसकट वाक्य ठोकून दिले आहे, आणि दोन न्यायालयांचे निकाल शेजारी ठेवले की ते कोसळते. कोलोरॅडोत ब्रँडन कोट्स हा दोन्ही हात-पाय लुळे पडलेला रुग्ण कार्डधारक होता, तो कामाच्या वेळेबाहेर गांजा वापरत असे, तरीही चाचणीनंतर त्याला डिश नेटवर्क या टीव्ही कंपनीने काढून टाकले; २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली, कारण केंद्रीय कायद्याने जे बेकायदा आहे ते ‘कायदेशीर वर्तन’ ठरत नाही. न्यू जर्सीत मात्र २०२० मध्ये एका कर्करुग्ण कर्मचाऱ्याला भेदभावविरोधी कायद्याखाली दावा चालवण्याची मुभा मिळाली. म्हणून न्यू जर्सीतल्या अमेरिकी नागरिकाला, खरा आजार असेल तर, कार्डाचा उपयोग होऊ शकतो. ट्रक किंवा बस चालवणाऱ्या, केंद्रीय परिवहन खात्याच्या चाचणी नियमांखाली येणाऱ्या कामगाराला तो कुठल्याच राज्यात होत नाही.

उरलेले मुद्दे भराभर उरकते. आरोग्य विमा कंपन्या गांजाचे पैसे देत नाहीत, आणि करमुक्त आरोग्य खात्यातूनही तो घेता येत नाही, हे आयकर खात्याच्या ५०२ क्रमांकाच्या पुस्तिकेत लिहिलेले आहे. कामावर जखमी झालेल्या एका न्यू जर्सीच्या कामगाराला मालकाने गांजाचा खर्च द्यावा असा निकाल २०२१ मध्ये लागला, पण तो कामगार-भरपाईचा विषय होता. घरी रोपे लावण्याची मुभा इलिनॉयमध्ये कार्डधारकांनाच आहे, पाच रोपांपर्यंत. न्यू जर्सीत मात्र कार्डधारकानेही कुंडीत रोप लावणे गुन्हाच आहे. बंदूक विकत घेताना भरायच्या केंद्रीय अर्जातच इशारा छापलेला असतो, की राज्याने वैद्यकीय किंवा करमणुकीच्या वापराला परवानगी दिली असली तरी केंद्राच्या दृष्टीने गांजाचा वापर बेकायदाच आहे, आणि नेवाडातल्या एका कार्डधारक महिलेने कार्डामुळे बंदूक नाकारल्याबद्दल केलेला दावा २०१६ मध्ये अपील न्यायालयानेही फेटाळला.

राहिला आजार बरे होण्याचा प्रश्न. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या वैज्ञानिक संस्थेने २०१७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. प्रौढांमधल्या जुनाट वेदना, केमोथेरपीमुळे होणारी मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातला स्नायूंचा ताठरपणा, एवढ्या तीन बाबतींत गांजाच्या उपयोगाला भक्कम पुरावा असल्याचे त्यात म्हटले आहे. कॅन्सर बरा होतो, यासाठी पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. त्यामुळे गुडघेदुखीसाठी विचार करणे मूर्खपणाचे नाही, हे मी आतेबहिणीला सांगितले. पण तिची आई भेटीच्या व्हिसावर आलेली आहे. न्यू जर्सीचे कार्ड राज्याच्या रहिवाशांसाठी आहे, आणि मुलीच्या कार्डावर आणलेला माल आईला देणे त्या योजनेच्या नियमांत बसत नाही. आत्या रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेते. गांजातले घटक यकृतात वॉरफरिनचे विघटन मंद करू शकतात, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. डोस बदलावा लागेल का, हे तिच्या हृदयरोगतज्ज्ञांना न विचारता ठरवता येत नाही. दुकानातला विक्रेता हे विचारत नाही.

ज्यांना केमोथेरपीतली मळमळ असह्य झाली आहे, त्यांच्यासाठी एक रस्ता या संदेशात कुठेच नाही. ड्रोनॅबिनॉल हे गांजातल्या मुख्य घटकाचे कृत्रिमरीत्या बनवलेले औषध अमेरिकेत १९८५ पासून मंजूर आहे. डॉक्टर गांजाची फक्त शिफारस करू शकतात, पण या औषधाचे प्रिस्क्रिप्शन देऊ शकतात. ते साध्या फार्मसीत मिळते, केंद्रीय कायद्यात बसते, आणि त्यासाठी राज्याच्या कोणत्याही गांजा-नोंदवहीत नाव घालावे लागत नाही. अमेरिकी पासपोर्टाची वाट पाहणाऱ्या रुग्णाने कर्करोगतज्ज्ञांना आधी त्याविषयी विचारावे.