ऑरोरा (आकाशातला ध्रुवीय प्रकाश) दिसला की होकायंत्रावर चला? हा सल्ला घातक आहे

'सौरवादळात ध्रुवीय समुद्रावर जीपीएस कित्येक किलोमीटर चुकतं, उपग्रह जळतात. ऑरोरा दिसताच रिसीव्हर बंद करा आणि होकायंत्रावर चला.' हा मजकूर आता बोटीवर पहिल्यांदाच चढणाऱ्या भाच्याच्या मोबाइलवर आलाय, म्हणून लिहिणं भाग आहे.

आधी होकायंत्र, कारण यानेच जीव जाईल. सुई धरून ठेवतो तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक. विषुववृत्ताजवळ तो 30 ते 40 हजार नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक); चुंबकीय ध्रुवाकडे घटत जातो. जोरदार वादळात ऑरोराच्या पट्ट्यात 1000 नॅनोटेस्लाची उलथापालथ होते. ती सुईला काटकोनात आली तर 40 हजारांवर सुई दीड अंशही ढळत नाही. 10 हजारांवर सुमारे 6 अंश, 3 हजारांवर 18 अंश ढळते. 6 अंशांची चूक म्हणजे 10 मैलांत बोट मैलभर बाजूला. ऑरोरा पेटलेला असतो तेव्हाच होकायंत्र सगळ्यात बेभरवशाचं! ध्रुवाजवळ जायरो, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यावरून उत्तर शोधणारं होकायंत्र, तेही कमकुवत पडतं. म्हणून तर 80 अंश अक्षांशापलीकडे जाणाऱ्या जहाजांना पोलर कोडने (ध्रुवीय समुद्रांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी) जीएनएसएस कंपास, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून दिशा दाखवणारं यंत्र, किंवा तसंच साधन सक्तीचं केलंय.

किलोमीटरची चूक? आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातल्या इलेक्ट्रॉनांमुळे उपग्रहाच्या संकेताला उशीर होतो. चौरस मीटरमागे 10¹⁶ इलेक्ट्रॉन वाढले की जीपीएसच्या 1575.42 मेगाहर्ट्झ या फ्रिक्वेन्सीवर 16 सेंटीमीटरची चूक. त्याच्या शंभरपट धरले तरी 16 मीटर, क्षितिजालगतच्या उपग्रहाला साधारण तिप्पट. दोन फ्रिक्वेन्सींचा रिसीव्हर त्यातली बहुतेक काढून टाकतो. मैलांच्या चुका व्हायच्या त्या ओमेगाच्या, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवर चालणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या, आणि ती यंत्रणा 30 सप्टेंबर 1997 ला बंद झाली.

उपग्रह जळण्याचं म्हणाल, तर ऑक्टोबर 2003 च्या वादळातही जीपीएसचं प्रक्षेपण चालूच होतं.

अर्धं खरं आहे ते मान्य करतो. ध्रुवाजवळ सिंटिलेशनने (आयनोस्फिअरमधल्या खळबळीने) संकेताचा फेज, म्हणजे लहरींचा ताल, थरथरतो आणि रिसीव्हरची संकेतावरची पकड सुटते. प्रत्यक्ष ध्रुवावर तर जीपीएसचा उपग्रह 45 अंशांच्या वर फारसा चढत नाही, त्यामुळे उंचीची चूक आधीच जास्त. अमेरिकेच्या नोआ संस्थेचा 2003 च्या वादळांवरचा अहवाल वाचा: विमानांसाठी जीपीएसची चूक सुधारणाऱ्या वास (WAAS) यंत्रणेत उंचीच्या चुकीची मर्यादा 29 ऑक्टोबरला 15 तास आणि 30 ला 11 तास ओलांडली गेली. ती मर्यादा होती 50 मीटर.

तेव्हा रिसीव्हर चालूच ठेवा. ग्लोनास, गॅलिलिओ या रशियाच्या आणि युरोपच्या उपग्रह यंत्रणाही सुरू ठेवा. उपग्रहांची संख्या आणि एचडीओपी (उपग्रहांच्या मांडणीमुळे स्थान किती चुकू शकतं ते सांगणारा आकडा; कमी तितका चांगला) पाहत राहा, किनारा टप्प्यात असेल तर रडारने बोटीचं स्थान पडताळा. एचएफ (लांब पल्ल्याचा लघुलहरी) रेडिओ मात्र सूर्याकडून येणाऱ्या प्रोटॉनच्या माऱ्यात ध्रुवाकडे कित्येक दिवस मुका होऊ शकतो. हवामानाचे अहवाल त्यावरच घेत असाल, तर इरिडियम या उपग्रह फोनची सोय निघण्यापूर्वी तपासा.