एप्रिलमध्ये नुसता धूर पाहिला

व्हिक्टोरिया धबधब्यावरचा लेख आवडला, पण ‘पाणी भरपूर असतं म्हणून एप्रिलमध्येच जा’ हा सल्ला काही पटला नाही. आम्ही नेमकं तेच केलं होतं. झांबियाच्या बाजूने मोसी-ओआ-तुन्या राष्ट्रीय उद्यानात शिरलो. नावाचा अर्थच ‘गर्जणारा धूर’, आणि तुषारांच्या धुराखेरीज काही दिसलंच नाही! नाइफ एज पुलावर तर पाऊस खालून वर येतो. भाड्याचा रेनकोट अंगात, तरी चिंब. १,७०८ मीटर रुंद धबधबा समोर असून आम्ही तो फक्त ऐकून आलो. (धुक्यात लोणावळ्याचा टायगर पॉइंट ‘पाहिलेल्यांना’ कळेल.)

दुसऱ्या दिवशी झिम्बाब्वेच्या बाजूने गेलो. तिथे वाऱ्याने पडदा हलला की १०० मीटरहून उंच कडा क्षणभर दिसायचा. माझ्या मते जून-जुलै बरा. पाणी पुरेसं, तुषार कमी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबियाकडचा कडा बराचसा कोरडा पडतो, तेव्हा झिम्बाब्वेचीच बाजू धरा. जमलं तर पौर्णिमा साधा, चांदण्यातलं इंद्रधनुष्य बघायला रात्री उद्यान उघडतात. आमच्या वेळी ढगांनी घोळ घातला. आणि हो, हातात खाऊची पिशवी नको, तिथली बबून माकडं सरळ ओढून नेतात.