किरण आला की किरण आली?

मुलगा होवो की मुलगी, दोघांनाही चालेल असंच नाव ठेवायचं, हे तुमचं ठरलं. अभिनंदन. आता लगेच हे कुणाला तरी सांगून टाका. सांगितलं नाहीत तर दहा मिनिटांत नाव ठरून मोकळे व्हाल, आणि मग बाळ येईपर्यंतचा वेळ जायचा कसा?

सांगितलंत की पहिला प्रश्न ठरलेला आहे. "छान आहे गं, पण लोकांना कळणार कसं?" हे विचारणारी आत्या स्वतः त्या लोकांत मोडत नाही. तिला कळणारच आहे, दुपटं बदलण्यात तीच पुढे असणार. तिला काळजी आहे ती तुमच्या बाळाचं नाव उद्या नुसतं कागदावर वाचणाऱ्या परक्या माणसांची. ती बिचारी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होतील. त्यांचा विचार करा. बाळाचा काय, ते नाव काहीही ठेवलं तरी रडणारच आहे.

मग दाखले सुरू होतील. माणिक हे बाईचंच नाव, असं काका माणिक वर्मांच्या आधारावर ठासून सांगतील. तेवढ्यात कुणीतरी माणिक सरकारांना पुढे करेल, वीस वर्षं त्रिपुराचे मुख्यमंत्री. बरं, ज्योती तरी मुलीचं ना? त्यावर एकमत होतंय न होतंय तोच ज्योती बसू आठवतील, १९७७ ते २००० बंगालचे मुख्यमंत्री. किरण बेदी म्हणावं तर किरण मोरे यष्टीमागे उभे. एव्हाना चर्चा बाळावरून डाव्या आघाडीवर गेलेली असेल. जाऊ द्या. तेवढीच तुम्हाला उसंत.

एखादा दूरदर्शी मामा विचारेल, "आणि उद्या किरणने किरणशीच लग्न केलं तर?" हसू नका. इव्हलिन वॉ या इंग्रज लेखकाने १९२८ साली इव्हलिन नावाच्याच बाईशी लग्न केलं. मित्रमंडळी त्यांना तो-इव्हलिन आणि ती-इव्हलिन म्हणायची. लग्न फार टिकलं नाही, पण त्याचा दोष नावाला देता येत नाही. मामाला मात्र यातलं काही सांगू नका, तो देईल.

घरात निकाल लागला नाही तर कोर्ट आहेच. जर्मनीत एका जोडप्याला मुलीचं नाव किरण ठेवायचं होतं. हो, आपलंच किरण. नोंदणी कार्यालय म्हणालं, यावरून मुलगी आहे हे कळत नाही, नुसतं किरण चालणार नाही. प्रकरण थेट तिथल्या घटनात्मक न्यायालयात गेलं. नावातून लिंग कळलंच पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही, असा निकाल २००८ च्या डिसेंबरात आला. आइसलँडने तर कमालच केली. तिथे एका मुलीचं नाव ठेवलं ब्लाइर, म्हणजे मंद झुळूक. सरकारच्या लेखी झुळूक पुल्लिंगी. म्हणून पोरगी पंधरा वर्षांची होईपर्यंत सरकारदरबारी तिचं नाव होतं 'मुलगी'. २०१३ मध्ये कोर्टाने तिला तिचं नाव दिलं, आणि २०१९ च्या कायद्याने मुलांची नावं-मुलींची नावं ही वाटणीच मोडीत काढली. तरीही 'कळणार कसं'ला इतकं चोख उत्तर आपल्या आत्यालाही सुचलं नसतं.

पण समजा, घर जिंकलंत, कोर्टही जिंकलंत. पुढे मराठी उभी आहे, आणि तिच्याविरुद्ध अपील नाही. बाळ बाळ आहे तोवर ठीक, ते रडतं, ते झोपतं, नपुंसकलिंगात मजेत असतं. एकदा नाव ठेवलंत की पहिल्याच क्रियापदाला बिंग फुटतं. किरण उठला. किरण उठली. इतका खल करून लपवलेलं सगळं शेवटच्या अक्षरात बाहेर.

यावर उपाय आहे, फक्त व्याकरण सांभाळून मूल वाढवावं लागेल. भूतकाळ शक्यतो सकर्मक ठेवा. किरणने दूध सांडलं, किरणने शेजारच्या पोराला पाडलं: कुणाच्या बापाला काही कळणार नाही. मात्र किरण स्वतः पडला किंवा पडली, की संपलं. तेव्हा दुसऱ्याला पाडायला लहानपणापासून उत्तेजन द्या. भूक, ताप, झोप यांना हरकत नाही, त्या किरणला लागतात, येतात. भविष्यकाळ तर पूर्ण सुरक्षित. किरण डॉक्टर होईल, किरण आमचं नाव काढेल. आईबाप तसेही पोराला त्याच काळात ठेवतात. वर्तमानकाळ तेवढा टाळा. किरण काय करतो, काय करते, हे कुणी विचारलंच तर "करेल काहीतरी" म्हणा.

हे सगळं अनुभवाचे बोल आहेत. माझं नाव याच जातीचं आहे. कुठलं, ते जाऊ द्या. परवा घसा पार बसलेला असताना कुठल्याशा कार्यालयातून फोन आला.

"मॅडम आहेत का?"

"मीच."

घोगरा आवाज ऐकून पलीकडे जरा थांबायला झालं. "सॉरी हं, सर."

"मीच."

आता कागदांची बरीच चाळवाचाळव ऐकू आली. 'सर आले होते का' आणि 'मॅडम आल्या होत्या का' ही दोन्ही वाक्यं त्या माणसाच्या घशापर्यंत येऊन परत गेली असावीत. मग त्याने, शाळेत कधीतरी घोकलेला कर्मणी प्रयोग आठवून, सावकाश वाक्य जुळवलं.

"ज्यांनी अर्ज भरलाय, त्यांनी सही केलेली नाही. ती करून पाठवण्यात यावी."

मी लगेच सही केली आणि अर्ज पाठवून दिला. सहीत नुसतं आद्याक्षर आहे.