मुलांना घेऊन तंबूत राहायला जाताय? सामानाच्या यादीआधी कामांची यादी करा

तीन-चार मित्रांची घरं, सहा-सात मुलं, त्यातलं सगळ्यात धाकटं दीड-दोन वर्षांचं, आणि ‘तंबू टाकून दोन दिवस राहू या’ असा बेत. बेत फार चांगला आहे. मुलांनी मातीत लोळावं, खरा काळोख बघावा, तंबूवर पडणाऱ्या पावसाचा आवाज ऐकावा असं मला मनापासून वाटतं. पण अशा सहली सामान कमी पडल्यामुळे क्वचितच फसतात. त्या फसतात ‘आपण सगळे आहोतच की, तिथे गेल्यावर बघू’ या वाक्यामुळे. आठ मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, मुलांकडे दुसरं कुणीतरी बघतंय. म्हणून तंबू, गाद्या, शेगडी हे सगळं नंतर. आधी प्रत्येक कामापुढे एकेक नाव लिहा. ‘आम्ही दोघं बघू’ असंही नको, एकच नाव.

घरं तीन, फार तर चार. त्याहून जास्त झाली की जेवणाची वेळ ठरवायलाच अर्धा दिवस जातो. आणि एका रात्रीसाठी जाऊ नका. तंबू लावायचे, सकाळी उठून काढायचे, एवढंच हातात राहतं. पहिल्या रात्री नव्या जागेत मुलं धड झोपत नाहीत, दुसऱ्या रात्री दमून झोपतात. दोन रात्री ठेवा.

निघण्याआधी चार अवघड गोष्टी बोलून घ्या, कारण तिथे गेल्यावर त्या कुणी काढत नाही. मुलं किती वाजता झोपणार? मोबाईल मिळणार की नाही? दुसऱ्याच्या मुलाला रागवायचं की नाही? (धोका असेल तर कुणीही, कुणालाही लगेच अडवायचं. बाकी गोष्टींत ज्याचे त्याचे आईबाप, एवढा नियम पुरतो.) आणि दारू. घेणारे असतील तर निदान दोन मोठी माणसं रात्रभर अजिबात न घेतलेली हवीत आणि त्यातल्या एकाला गाडी चालवता यायला हवी. खर्चाचे वाटेही आधीच ठरवा: मोठ्याचा एक, मुलाचा अर्धा, दोन वर्षांखालच्याचा काही नाही. नंतर हिशोबावरून मैत्रीत येणारा कडवटपणा टळतो.

जागा बघताना पिण्याचं पाणी, शौचालय, मोबाईलची रेंज आणि सगळ्यात जवळचं रुग्णालय या चार गोष्टी आधी विचारा, देखावा त्यानंतर. नदी-तळ्यापासून तंबू निदान 60 मीटर लांब हवेत. काठाची जागा फोटोत सुंदर दिसते, पण चालायला शिकलेल्या मुलासाठी ती वाईट. कोरडा ओढा, खोलगट जागा आणि वाळलेल्या फांद्यांखालची सावली टाळा. मुक्कामावर सूर्यास्ताच्या तीन तास आधी पोचा. पोचल्यावर दोघांनी फक्त मुलं सांभाळायची, तंबूला हातही लावायचा नाही. मुलांना आधी खायला द्या, मग खुंट्या ठोका.

तंबूवर ‘चार माणसांचा’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ चार जण खांद्याला खांदा लावून झोपू शकतात, पिशव्यांना जागा नाही. चौघांच्या कुटुंबाला सहा जणांचा घ्या. खाली अंथरायचं प्लॅस्टिक तंबूच्या तळापेक्षा थोडं लहान हवं. ते बाहेर डोकावलं की वरून ओघळलेलं पाणी त्यावर साचून थेट तळाखाली जातं, आणि लोकांना वाटतं तंबू गळतो. सकाळी आतलं कापड ओलं दिसतं तेही बहुतेक वेळा गळतीमुळे नसतं. रात्रभराच्या श्वासाची वाफ थंड कापडावर जमलेली असते. म्हणून थंडी असली तरी वरच्या झडपा उघड्या ठेवा. ताणाच्या दोऱ्यांना पांढरी चिंधी बांधा. अंधारात मुलं तिथेच पडतात. नवा तंबू घरी एकदा उभा करून बघा. खुंट्या कमी निघाल्या तर त्या घरीच कळलेल्या बऱ्या.

रात्रीची थंडी खालून येते. नुसत्या हवेच्या गादीवर मूल गारठतं, कारण आतली हवा फिरत राहते आणि अंगातली ऊब जमिनीकडे जाते. गादीवर फोमची चटई टाका. वरून तिसरं पांघरूण घालण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त. वर्षाखालच्या बाळाला मात्र हवेच्या गादीवर झोपवू नका. मऊ गादीत तोंड रुतून श्वास कोंडतो. त्याला सपाट, घट्ट पृष्ठभाग हवा. उशी नको, सुटं पांघरूण नको, उबेसाठी कपड्यांचे थर. आणि कितीही कडाका असो, शेगडी, निखाऱ्यांचं भांडं किंवा गॅसचा कुठलाही दिवा तंबूत न्यायचा नाही, दारातही नाही. विझत आलेले निखारेसुद्धा कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. यात ‘पाच मिनिटंच’ असं काही नसतं.

आता पाणी. या मुद्द्यावर मी कुणाचंही ऐकून घेत नाही. बुडणारं मूल हाका मारत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्याखाली जातं तेव्हा ओरडायला श्वासच नसतो. शेजारी गप्पा मारत उभ्या असलेल्या माणसाच्या लक्षातही येत नाही. म्हणून मुलं पाण्यात किंवा पाण्याजवळ असताना एक पहारेकरी नेमा. गळ्यात शिट्टी किंवा हातात पट्टी, म्हणजे आत्ता कोण आहे ते सगळ्यांना दिसतं. पाळी पंधरा-वीस मिनिटांची. त्याहून जास्त वेळ माणसाचं लक्ष टिकत नाही. त्या वेळात फोन नाही, वाचन नाही, गप्पा नाहीत. पट्टी दुसऱ्याच्या हातात देऊन ‘आता तू’ असं मोठ्याने म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. पोहता न येणारं मूल हाताच्या अंतरावरच हवं. दंडातल्या फुगवलेल्या पट्ट्या खेळणं आहेत. मापाचं लाइफ जॅकेट लागतं. ढगांचा गडगडाट ऐकू आला की सगळे पाण्याबाहेर आणि बंद गाडीत. तंबू विजेपासून वाचवत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबायचं.

शेकोटीभोवती तीन मीटरवर दोरीने किंवा दगडांनी रेघ आखा. मुलांसाठी ती हद्द. तंबू त्याहूनही लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला. पण सगळ्यात जास्त पाय पोळतात ते दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री आगीवर वाळू लोटून मोठी माणसं झोपतात, निखारे वाळूखाली तासन् तास धगधगत राहतात, आणि वरून काहीच दिसत नाही. पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता. हाताची मागची बाजू जवळ नेल्यावर धग लागत नसेल तरच आग विझली असं म्हणा. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

स्वयंपाकाचं माझं मत अनेकांना पटत नाही: सकाळची न्याहारी प्रत्येक घराने आपापली करावी, रात्रीचं जेवण एकत्र. लहान मुलं सकाळी वेगवेगळ्या वेळी उठतात आणि भुकेली मुलं थांबत नाहीत. रात्रीच्या जेवणाला दर दिवशी एक घर जबाबदार. त्या घराची मुलं त्या वेळात दुसऱ्यांनी सांभाळायची. पहिल्या रात्रीचं घरीच शिजवून गोठवून न्या, तोच बर्फाच्या पेटीतला पहिला बर्फ. पेट्या दोन हव्यात. सरबतांची पेटी दर दहा मिनिटांनी उघडली जाते, तिच्यात दूध आणि शिजवलेलं ठेवलं की ते नासणारच. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, उकाड्यात एकच तास. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी माणशी रोज चार लिटर धरा, धुण्याचं वेगळं. गॅसच्या डब्यावरच्या शेगडीला वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा करताना तो डब्याभोवती गच्च लावू नका; डबा तापून फुटू शकतो.

प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी आणि रात्री कपाळावर टॉर्च. वाट चुकली तर एका झाडाजवळ बसून राहायचं आणि तीनदा शिट्टी वाजवायची, हे निघण्याआधी खेळ म्हणून शिकवा. औषधांच्या डब्यात थर्मामीटर, ओआरएस, चिमटा, आणि तापाच्या औषधाचा प्रत्येक मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेला डोस कागदावर लिहून. दोन महिन्यांखालच्या बाळाला डासांची कुठलीही क्रीम लावू नका, जाळी वापरा.

निघायची सकाळ मला सगळ्यात धोक्याची वाटते. सगळे घाईत, तंबू अर्धे गुंडाळलेले, गाड्या मागेपुढे होत असतात आणि मुलं त्यांच्यामधूनच पळतात. इथेही एक नाव लिहा. त्या माणसाने सामान उचलायचं नाही. सगळी मुलं एका जागी बसवून नावाने मोजायची, आणि त्याने हात वर केल्याशिवाय एकाही गाडीची किल्ली फिरवायची नाही.