मोठेबाबा, श्लोक पुढेही वाचा

गेल्या आठवड्यात आमच्या लेआउटमध्ये नळाला गढूळ पाणी यायला लागलं. आई अर्ज घेऊन दारोदार सह्या मागत फिरली. तीन घरांनी सही दिली नाही. का, तर मोठेबाबा, त्याच सकाळी तुम्ही ग्रुपवर मेसेज टाकला होता: 'राज्यकर्ता देवभक्त असला की प्रजा सुखीच. तिथे दुष्काळ पडत नाही. नळ, नाली, रस्ते मागणारी प्रजा भोगी. खरा राजा प्रजेच्या आत्म्याची काळजी घेतो. शास्त्रच सांगतं, राजा कालस्य कारणम्.' खाली जोडलेल्या हातांची रांग.

आता शास्त्र काढलंच आहे तर पूर्ण काढू. हा श्लोक महाभारताच्या शांतिपर्वातला. भीष्म युधिष्ठिराला सांगतात की राजामुळे काळ घडतो. पण कसा घडतो तेही लगेच पुढे सांगितलंय. राजा दंडनीती पूर्ण चालवतो तेव्हा कृतयुग म्हणजे सत्ययुग, अर्धी सोडली की द्वापर, सगळीच सोडली की कलियुग. दंडनीती म्हणजे कारभार, जपमाळ नव्हे. त्याच पर्वात कराला चक्क राजाचं 'वेतन' म्हटलंय, म्हणजे पगार. आणि चोरीला गेलेलं धन परत मिळवून देता आलं नाही, तर राजानं ते स्वतःच्या खजिन्यातून भरून द्यावं, असंही आहे. मग पाण्याबद्दल विचारणारी माझी आई भोगी कशी झाली?

त्या 'आत्म्याच्या काळजी'नं तर माझं डोकंच फिरलं. पोर्तुगालच्या तिसऱ्या जॉनला त्याच्या देशात 'धर्मशील' हेच बिरुद आहे. त्याला प्रजेच्या आत्म्यांची फार काळजी. त्याच्याच अमलात 1540 च्या सुमारास गोव्यात तिसवाडी बेटावरची देवळं पाडली गेली. पुढे 1560 मध्ये गोव्यात धर्मन्यायालय (इन्क्विझिशन), म्हणजे लोकांची श्रद्धा तपासून शिक्षा देणारं कोर्ट, बसलं, ते मधली काही वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं. कुशस्थळीचा मंगेश लोकांनी लपवून नदीपलीकडे प्रियोळला नेला. दरवर्षी गोव्याला जाऊन ज्या मंगेशीला अभिषेक करता ना, तो देव असल्याच एका आत्म्याच्या काळजीतून सुटून तिथे आलाय. राजा एकदा आत्म्यात शिरला की कोणाचा आत्मा बिघडलाय हे तोच ठरवतो. आपल्याला आवडणारा राजा असला तरी हे बदलत नाही.

दूर कशाला, आपलं नागपूरच घ्या. पहिले रघुजी भोसले रामभक्त, रामटेकच्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यांचाच. त्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांनी 1742 मध्ये बंगालात काटव्याला थाटात दुर्गापूजा मांडली, खर्च जमीनदारांकडून वसूल करून. ऐन पूजेत बंगालचा नवाब अलीवर्दीखान यानं छापा घातला. भक्ती खरीच होती, लूटही खरीच. तिकडे अजून अंगाईत 'बर्गी आले' म्हणतात, ते लुटारू मराठा स्वार आपलेच.

दुष्काळावर वेळ घालवत नाही. पाऊस समुद्रावरून येतो, देवघरातून नाही.

बरं, मेसेजमध्ये अहिल्याबाईंचा फोटो आहे, तेवढं मान्य करावं लागेल. भक्ती आणि चोख कारभार एका माणसात असू शकतो, 1767 ते 1795 महेश्वरनं ते पाहिलं. काशी विश्वनाथाचं मंदिर त्यांनीच उभारलं. पण बाई विहिरी खणत होत्या, घाट बांधत होत्या आणि रोज उघड्या दरबारात बसून गाऱ्हाणी ऐकत होत्या. नळ-नाली मागणाऱ्याला भोगी म्हणणाऱ्या मजकुराखाली त्यांचाच फोटो लावायचा म्हणजे कमाल आहे.

आणि तुम्ही काही वेगळ्या गावात राहत नाही. मागच्याच गल्लीत तुमच्या नळालाही तेच पाणी येतं, म्हणून वीस लिटरची कॅन लावलीत, हे मोठ्याईनंच आईला सांगितलं. अर्ज फ्रिजवर चुंबकाखाली आहे. तुमचं नाव मी लिहून ठेवलंय, शेजारची जागा रिकामी आहे. संध्याकाळी चहाला या, पेन घरी आहे.